घरात जुनी पितळी दुर्बीण सापडली? चिंच लावून घासण्याआधी हे वाचा

वाशिम : दिवाळीची साफसफाई असो की जुनं घर पाडायचं काम, माळ्यावरच्या लोखंडी पेटीतून कधी काय निघेल सांगता येत नाही. कुणाच्या आजोबांनी फौजेत नोकरी केलेली असते, कुणाचे पणजोबा इंग्रजांच्या काळात मोजणी खात्यात साखळी धरायला जात असत. अशा घरात एखादी काळी पडलेली पितळी नळी निघते. दोन्ही टोकांना काच, मध्ये एखादा फिरणारा गोल खटका, आणि त्यावर बारीक रेघा. कधी बंदुकीवर बसवायची दुर्बीण असते, कधी तोफेची, कधी मोजणीच्या यंत्रावरची.

मग तीन गोष्टी घडतात. घरातली बाई म्हणते, चिंच-मीठ लावून लख्ख करून देते. पोरगा फोटो काढून ग्रुपवर टाकतो. आणि चार दिवसांत कुठला तरी अनोळखी माणूस फोन करतो की, याचे पाच लाख मिळतील, फक्त आधी तपासणीची फी भरा. तिन्हीत नुकसान तुमचंच. कसं, ते नीट समजून घेऊ.

चिंचेनं काय जातं?

तांब्या-पितळेच्या घागरीला चिंच चालते, कारण घागरीचं काम पाणी धरायचं आहे. दुर्बिणीचं काम वेगळं. तिच्या खटक्यावर, चकतीवर ज्या रेघा कोरलेल्या असतात, त्यातच तिचा जीव असतो. त्या रेघा केसासारख्या बारीक असतात, आणि दिसाव्यात म्हणून त्यांत काळा रंग किंवा मेण भरलेलं असतं. आंबट पदार्थ आणि राख मिळून आधी तो रंग काढतात, मग पितळावरचा मूळ लाखेचा थर काढतात, आणि दोन-चार वेळा घासलं की रेघेच्या कडाच बोथट होतात. वस्तू चमकते, पण यंत्र म्हणून मरते. जाणकार माणूस असल्या चमकदार दुर्बिणीला कमी किंमत देतो, काळ्या पडलेलीला जास्त.

रेघ किती बारीक असते याचा हिशोब करून पाहा. तीन फूट व्यासाची चकती घ्या. तिचा घेर साधारण २ मीटर ८७ सेंटीमीटर. त्याचे ३६० भाग केले की एक अंश आला सुमारे ८ मिलिमीटरचा. अंशाचे ६० भाग केले की एक मिनिट, म्हणजे ०.१३ मिलिमीटर. त्याचेही ६० भाग म्हणजे एक सेकंद. एका सेकंदाची चूक झाली तर ५० किलोमीटरवरच्या डोंगराची जागा सुमारे २४ सेंटीमीटरनं सरकते. वीतभर. बांधाच्या भांडणात वीतभर म्हणजे काय असतं हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको.

आता कुणी म्हणेल, तीन फुटांची चकती कुणाच्या घरी असते? घरी नाही, पण ती आपल्या शेजारून गेलेली आहे.

मानोरा-दिग्रसमधून गेलेली रेघ

टिपू सुलतान १७९९ मध्ये पडल्यावर कंपनी सरकारला आपल्या हातात आलेला मुलूख मोजायचा होता. फौज न्यायची तर नकाशा लागतो. ३३ व्या पलटणीतला विल्यम लॅम्बटन नावाचा अधिकारी पुढे आला, आणि १० एप्रिल १८०२ ला मद्रासजवळ त्यानं मोजणी सुरू केली. तिथून कन्याकुमारीपासून उत्तरेकडे त्रिकोणांची एक साखळी निघाली. आजच्या कर्नाटकातल्या बिदरजवळच्या दामरगिद्द्यापासून मध्य प्रदेशातल्या सिरोंजजवळच्या कल्याणपूरपर्यंत ही साखळी साधारण ७७ अंश ४० मिनिटे रेखांशाच्या आसपासून जाते. मोबाईलवर नकाशा उघडून हा रेखांश पाहा. मानोरा आणि दिग्रस यांच्या मधूनच जातो.

हे काम संपवायला लॅम्बटन जगला नाही. हैदराबादकडून नागपूरला जाताना २० जानेवारी १८२३ ला हिंगणघाटला तो वारला. त्याची कबर तिथंच आहे. पुढचं काम त्याचा मदतनीस जॉर्ज एव्हरेस्ट यानं हाती घेतलं, आणि १८२५ पर्यंत मोजणी सिरोंजला पोचवली. होय, ज्याच्या नावानं एव्हरेस्ट शिखर आहे, तोच.

या कामाचं मुख्य यंत्र म्हणजे थिओडोलाइट. मोठ्या चकतीवर बसवलेली दुर्बीण. लंडनच्या विल्यम कॅरी यानं बनवलेली, चकती ३६ इंचांची, वजन सुमारे अर्धा टन. भारतात येताना तिचं जहाज फ्रेंचांनी पकडून मॉरिशसला नेलं होतं. यंत्र कशाचं आहे हे कळल्यावर फ्रेंच गव्हर्नरनं ते मद्रासला पाठवून दिलं.

१८०८ मध्ये तंजावरच्या मोठ्या देवळावर हे यंत्र चढवायचं होतं, कारण आजूबाजूला सपाट मुलूख, दुसरी उंच जागा नाही. वर ओढताना बाजूनं ताणून धरलेला दोर तुटला. पेटी झोका खाऊन भिंतीवर आदळली. चकती वाकडी झाली. विलायतेतून दुसरं मागवायचं तर वर्षं गेली असती.

लॅम्बटननं काय केलं ते प्रत्येक सायकलवाल्याला कळेल. रिमचा आउट काढतो ना आपण, तसंच. त्यानं एका मोठ्या सपाट फळीवर चकतीच्या मूळ मापाचं वर्तुळ कापलं. वाकलेली चकती त्यात धरून पाचरी, स्क्रू आणि कप्प्या लावून थोडी थोडी ओढत त्या वर्तुळात बसवली. वाकलेले आरे लाकडी हातोडीनं हळूहळू ठोकून सरळ केले. लोखंडी हातोडा नाही, लाकडी, कारण धातूवर ठोका उमटू द्यायचा नव्हता. तंबूत बसून हे काम सहा आठवडे चाललं. यंत्र जवळजवळ पहिल्यासारखं झालं आणि पुन्हा कामाला लागलं. म्हणजे वऱ्हाडच्या मोजणीत ज्याचा वारसा आहे, ते यंत्र आधीच एकदा मरून उठलेलं होतं.

जुनं यंत्र दुरुस्त करण्याची सगळी विद्या याच गोष्टीत आहे. आधी मूळ माप शोधायचं, मग जोर न लावता त्या मापाकडे वस्तू न्यायची, आणि नवीन काही लावायच्या आधी जुनं वाचतं का ते पाहायचं.

पुढे १८३० मध्ये एव्हरेस्ट विलायतेहून परतला तेव्हा हेन्री बॅरो नावाचा कारागीर घेऊन आला. त्यानं हे जुनं यंत्र पुन्हा नव्यानं बांधलं. त्याच्यानंतर त्या जागेवर आला तो आपल्याच मातीतला माणूस, आर्कोटचा सय्यद मीर मोहसिन हुसेन. त्याचा हात आणि डोकं दोन्ही किती चांगलं आहे, हे एव्हरेस्टनं सरकारला लिहून कळवलं होतं. गोऱ्या कारागिराची जागा त्या काळात हिंदी माणसाला मिळणं सोपं नव्हतं. शिखराला एव्हरेस्टचं नाव मिळालं. मोहसिन हुसेनचं नाव शाळेच्या पुस्तकात कुठं दिसत नाही, हे मात्र खटकतं.

कोलकात्याला १८३० मध्येच या उपकरणांसाठी मॅथेमॅटिकल इन्स्ट्रुमेंट ऑफिस सुरू झालं होतं. दुसऱ्या महायुद्धात फौजेला दुर्बिणी लागल्या, आणि १९४३ मध्ये डेहराडूनला त्यासाठीचा आयुध कारखाना उभा राहिला. आजही रणगाड्याच्या, तोफेच्या, रायफलच्या दुर्बिणी तिथं बनतात. रणगाड्यावर या दुर्बिणी कुठं बसतात हे पोरांना दाखवायचं असेल तर नगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, रणगाडा संग्रहालयात घेऊन जा.

नळीच्या आत काय असतं

पुढचं मोठं भिंग लांबची वस्तू आत आणतं, पण उलटी. बंदुकीच्या दुर्बिणीत मधली भिंगं तिला सुलटी करतात. मागचं भिंग मोठं करून डोळ्याला दाखवतं. मोजणीच्या जुन्या दुर्बिणीत मधली भिंगं नसायचीच, त्यामुळे झाड उलटं दिसलं तर बिघाड समजू नका.

आणि मध्ये असते ती फुली, जिच्यावर नेम धरतात. जुन्या यंत्रात ही फुली चक्क कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्याची असायची. इतका बारीक आणि तरी चिवट धागा माणसाला तेव्हा बनवता येत नव्हता. नंतर काचेवर कोरलेली फुली आली. म्हणून आत धागा दिसला तर 'जाळं लागलंय' म्हणून फुंकर मारू नका, काडी घालू नका. शंभर वर्षांची वस्तू एका फुंकरीत जाईल.

आपल्या हवेत बिघाड बहुतेक तीनच प्रकारचे होतात. पहिला, बुरशी. पावसाळ्यात बंद पेटीत काचेवर पांढरं जाळं धरतं. लवकर काढलं तर निघतं, पण वर्षानुवर्षं राहिलं तर काचच खाऊन टाकतं, मग कुणीही काही करू शकत नाही. दुसरा, भिंगांची जोडी सुटणं. चांगलं भिंग म्हणजे दोन वेगळ्या काचा चिकटवलेल्या असतात, आणि पूर्वी त्यासाठी कॅनडा बाल्सम नावाचा झाडाचा डिंक वापरत. तो पिवळा पडतो, कडेनं सुटतो, काचेत इंद्रधनुष्यासारखे डाग दिसतात. जाणकार कारागीर काच अगदी हळूहळू तापवून जोडी सोडवतो आणि पुन्हा चिकटवतो. घरी चुलीवर हा प्रयोग केला तर काच तडकणार. तिसरा बिघाड साधा, तेल-ग्रीस वाळून आटे जाम होणं.

घरी करण्यासारखं काम एवढंच : हवेचा रबरी फुगा मारून धूळ उडवा, मऊ ब्रश फिरवा, थांबा. बनियनचा तुकडा, धोतराचं टोक, ओढणी, काहीही काचेवर घासू नका. धुळीतला वाळूचा कण काचेवर ओरखडा काढतोच. पान्हा किंवा पक्कड तर दूरच ठेवा.

लेथवाल्या पोरांसाठी थोडं जास्त

आयटीआयमध्ये टर्नर, मशिनिस्ट शिकणारी बरीच पोरं हे वाचत असतील, म्हणून इथं थोडं थांबतो. जुन्या दुर्बिणीचा एखादा स्क्रू, टोपी किंवा कडं हरवलेलं असतं. ते नवीन बनवणं हे लेथचं काम आहे, आणि दिसतं तितकं सोपं नाही.

पहिली अडचण आट्यांची. जुना विलायती माल इंचात असतो. एका इंचात ३२ किंवा ४० आटे असे बारीक आटे, आणि व्हिटवर्थ पद्धतीत आट्याचा कोन ५५ अंशांचा. आपण शिकतो मिलिमीटरचा आटा, कोन ६० अंशांचा. टूल ६० चं लावून ५५ च्या नळीत स्क्रू फिरवलात तर दोन आटे जाईल आणि तिसऱ्याला पितळ फाडेल. म्हणून आधी थ्रेड गेज लावा, कोन पाहा, मग टूल घासा. लेथचा लीड स्क्रू मिलिमीटरचा असेल आणि आटा इंचाचा पाडायचा असेल, किंवा उलट, तर १२७ दातांचं गिअर लागतं. १२७ च का? कारण एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, आणि २५.४ ला पाचनं गुणलं की बरोबर १२७ येतात. ही एक गोष्ट ज्याला कळली त्याला इंच-मिलिमीटरचं कोडं कायमचं सुटलं.

दुसरी अडचण मधोमधपणाची. नळी चकमध्ये सरळ कसून धरलीत तर पातळ भिंतीची नळी तीन ठिकाणी दबते. काढल्यावर ती गोल राहत नाही. आतून लाकडाचा किंवा नायलॉनचा ठोकळा द्या, बाहेरून चिरलेलं कडं घाला, मग धरा. डायल गेज लावून आउट पाहा.

तिसरी तपासणी सगळं जोडल्यावर करायची. दुर्बीण दोन व्ही आकाराच्या ठोकळ्यांवर ठेवा, लांबच्या विजेच्या खांबावर फुली धरा, आणि दुर्बीण जागच्या जागी गोल फिरवा. फुली खांबावरच राहिली तर नजरेची रेघ आणि नळीची रेघ एक आहे. फुली खांबाभोवती गोल फिरायला लागली तर नाही, मग फुलीच्या बाजूचे बारीक स्क्रू अर्धं अंतर सरकवून पुन्हा पाहायचं. त्यानंतर डोळा थोडा डावी-उजवीकडे हलवा. फुली खांबावरून सरकल्यासारखी वाटली तर ती आपल्या नेमक्या जागेवर नाही, पुढे-मागे करावी लागेल.

जुना तुटका भाग फेकू नका. पुडीत बांधून, नाव लिहून, यंत्राबरोबरच ठेवा. आणि नवीन बनवलेल्या भागावर आतल्या बाजूला, सहज दिसणार नाही पण शोधला तर सापडेल अशा जागी, बनवल्याचं साल पंच करा. दुरुस्ती आणि लबाडी यांच्यात फरक एवढाच असतो.

नक्कल वाईट नाही, खोटं बोलणं वाईट

जगभर हौशी लोक जुन्या फौजी दुर्बिणींच्या हुबेहूब नकला बनवतात. महायुद्धातली ब्रिटिशांची 'नंबर ३२' दुर्बीण, जी आधी ब्रेन गनसाठी आखली आणि मग नेमबाजांच्या रायफलवर गेली, तिच्या नकलाही निघतात. मूळ वस्तू फार महाग, म्हणून संग्रह करणारा नक्कल घेतो. त्यात गैर काही नाही.

आपल्या देशात उत्तराखंडचं रुडकी हे मोजणीच्या उपकरणांचं जुनं गाव. तिथलं इंजिनिअरिंग कॉलेज १८४७ चं, आणि त्याच्या आधारानं यंत्र बनवणारे कारागीर वाढले. आज तिथं पितळी होकायंत्रं, दुर्बिणी, जहाजावरची उपकरणं शोभेसाठी मोठ्या प्रमाणात बनतात. त्यावर लंडनच्या जुन्या कंपन्यांची नावं आणि १९१५, १९१७ अशी सालं कोरलेली असतात. कारागीर शोभेची वस्तू म्हणून विकतो. पुढे चौथ्या-पाचव्या हातात ती 'इंग्रज साहेबाची दुर्बीण' होऊन बसते, आणि कुणीतरी फसतो.

ओळखायचं कसं? सगळ्यात सोपी खूण स्क्रूची. अधिक चिन्हासारखी खाच असलेला स्क्रू १९३० च्या दशकात बाजारात आला. वस्तूवर १८८५ कोरलंय आणि स्क्रू अधिक खाचेचा आहे, तर एक तर कुणी नंतर बदललाय किंवा वस्तूच नवी आहे. मग अक्षरं पाहा, जुनी कोरीव अक्षरं खोल आणि कडेला धारदार असतात. काळपटपणा पाहा, खरा काळपटपणा हात लागतो तिथं कमी आणि सांदीत जास्त असतो, औषध लावून आणलेला सगळीकडे सारखा. शेवटी डोळा लावून पाहा. शोभेच्या दुर्बिणीत कडेला लाल-निळी झालर आणि धुरकट चित्र दिसतं, खऱ्या फौजी दुर्बिणीत बुरशी असली तरी मधलं चित्र बऱ्याचदा धारदार असतं. फौजी मालावर बाणाची खूण असते असं सांगतात, ते खरं आहे, पण ती खूण आज कुणीही पाडू शकतो.

हात लावण्याआधी : चमकणारा रंग

हे मात्र हसण्यावारी नेऊ नका. जुन्या फौजी होकायंत्राच्या आणि दुर्बिणीच्या आकड्यांना अंधारात दिसावं म्हणून रेडियमचा रंग लावत. त्यातली चमक काही वर्षांत जाते, पण रेडियम जात नाही. त्याचं अर्धं आयुष्यच सुमारे १६०० वर्षांचं आहे. आकड्यांवर पिवळट-तपकिरी, भुगा होणारा रंग दिसला तर तो खरवडू नका, फुंकू नका, पोरांच्या हाती देऊ नका. प्लास्टिकच्या पिशवीत वस्तू बंद करा, हात धुवा, आणि तहसील कार्यालयाला कळवा. दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात २०१० मध्ये किरणोत्सारी वस्तू फोडली गेली आणि त्यात माणूस दगावला होता. तो पदार्थ वेगळा आणि कितीतरी जास्त तीव्र होता, पण वस्तू काय आहे हे माहीत नसताना हात घालणं, ही चूक तीच.

दुर्बिणीबरोबर गोळा, काडतूस, फ्यूज असं काही निघालं तर हलवायचंही नाही. लांब व्हा आणि ११२ ला फोन करा.

कायदा आणि फोनवरचे 'साहेब'

१०० वर्षांहून जुनी अशी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येते. आजोबांची दुर्बीण घरात ठेवली म्हणून कुणी गुन्हेगार होत नाही. पण अशा वस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो, आणि देशाबाहेर पाठवणं खासगी माणसाला बंद आहे. 'दुबईची पार्टी आहे' म्हणणारा माणूस इथंच उघडा पडतो. वस्तू पेटीतून नाही तर जमिनीतून किंवा भिंतीतून निघाली असेल तर १८७८ चा गुप्तधनाचा कायदा लागतो, आणि १० रुपयांपेक्षा जास्त किमतीची असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं.

'राइस पुलर'च्या नावानं किती घरं बसली हे आपण ऐकलेलंच आहे. जुन्या दुर्बिणीचा धंदाही त्याच वळणाचा. आधी मोठा आकडा, मग तपासणी फी, मग केमिकलचा खर्च, मग साहेबांची गाडी. घेणारा माणूस विकणाऱ्याकडून पैसे कशाला मागेल? पैसे गेले असतील तर तासाभरात १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा, जितकं लवकर तितकं बरं.

वस्तू खरंच काय आहे हे जाणून घ्यायचं असेल तर दिवसाच्या उजेडात चारी बाजूंनी फोटो काढा, आकडे आणि नाव नीट दिसू द्या, शेजारी पट्टी ठेवा. फोटो ग्रुपवर टाकू नका. नागपूरला पुरातत्त्व विभागाचं कार्यालय आहे, आणि १८६३ चं मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, तिथंही विचारता येतं. तोवर वस्तू सुती कापडात गुंडाळा, रबर किंवा फोम लावू नका, नव्या बुटांच्या डब्यात निघणाऱ्या ओल शोषणाऱ्या पुड्या दोन-तीन सोबत टाका, आणि पेटी भिंतीला टेकवून नाही तर घरातल्या कोरड्या खोलीत फळीवर ठेवा. आजोबांचं पेन्शनचं पुस्तक, पलटणीचा नंबर, जुना फोटो असेल तर तोही त्याच पेटीत.